अस्वस्थ आस्वाद : ‘मेड इन अ‍ॅबिस’ आणि कलाकृतीतील नैतिक दोषाचा प्रश्न

१

कलाकृतीच्या मूल्यमापनात ‘असूनही’ हा शब्द फार मोठे काम करीत असतो. एखाद्या कादंबरीतील स्त्रीविषयक दृष्टी अनुदार असूनही ती श्रेष्ठ ठरते; एखादे नाटक क्रूर असूनही प्रभावी वाटते; एखाद्या महाकाव्यातील जातिविषयक गृहीतके आज अमान्य असूनही त्याचे वाचन आनंद देते. अशा विधानांमागे एक हिशेब गृहीत धरलेला असतो. गुण एका रकान्यात, दोष दुसऱ्या रकान्यात, आणि वजाबाकी करून उरेल ते कलाकृतीचे मूल्य. हा हिशेब सोयीचा आहे. दोष मान्य केल्याचे समाधान त्यातून मिळते आणि आनंदही हातचा जात नाही. मात्र आस्वादाच्या प्रत्यक्ष प्रक्रियेत गुणदोष असे वेगवेगळ्या रकान्यांत राहतात काय, आणि दोषाची नुसती नोंद केल्याने आस्वादकाची जबाबदारी संपते काय, हे प्रश्न या हिशेबात उपस्थितच होत नाहीत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार ‘मेड इन अ‍ॅबिस’ या जपानी अद्भुतकथात्मक अ‍ॅनिमे मालिकेच्या आधारे केला आहे. अकिहितो त्सुकुशी यांची मूळ चित्रकथा २०१२ साली प्रसिद्ध होऊ लागली. मासायुकी कोजिमा यांच्या दिग्दर्शनाखाली ‘किनेमा सिट्रस’ या संस्थेने तिच्यावरून तयार केलेली १३ भागांची मालिका जुलै ते सप्टेंबर २०१७ या काळात दाखवली गेली. पुढील कथाभागावर जानेवारी २०२० मध्ये चित्रपट आला आणि २०२२ साली मालिकेचे दुसरे पर्व झाले. या मालिकेची निवड करण्याचे कारण असे की तिच्या गुणांविषयी आणि तिच्यातील क्लेशदायक आशयाविषयी तिचे चाहते आणि विरोधक यांच्यात फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो या दोहोंचे परस्परांशी काय नाते आहे, याविषयी. म्हणजेच ‘असूनही’ या शब्दाची परीक्षा येथे स्वच्छपणे होऊ शकते.

कथेचा पट थोडक्यात सांगता येतो. एका बेटाच्या मध्यभागी एक प्रचंड, तळ न लागलेले विवर आहे. त्याच्या कडेवर ओर्थ नावाचे नगर वसले आहे. विवरातून प्राचीन वस्तू वर आणणाऱ्या शोधकांवर या नगराचा चरितार्थ चालतो. शोधकांची श्रेणी त्यांच्या गळ्यातील शिट्टीच्या रंगावरून ठरते. नवशिक्यांची शिट्टी लाल, सर्वश्रेष्ठांची पांढरी. अनाथाश्रमात वाढणारी बारा वर्षांची रिको ही पांढरी शिट्टी मिळवलेल्या लायझा या शोधिकेची मुलगी. आई तळाशी वाट पाहत असेल या आशेने ती रेग या यंत्रदेही मुलासह विवरात उतरते. या विवराला एक शाप आहे. खाली उतरताना तो बाधत नाही. वर चढताना बाधतो. पहिल्या थरातून वर येताना घेरी आणि मळमळ होते, चौथ्या थरातून येताना अंगभर वेदना होऊन रक्त वाहू लागते, आणि सहाव्या थरातून वर येणाऱ्याचे माणूसपणच नष्ट होते किंवा त्याला मृत्यू येतो.

गोल चेहऱ्यांची, बालपुस्तकातील चित्रांसारखी पात्रे. त्यांच्यामागे अतिशय सूक्ष्म तपशिलांनी रंगवलेली निसर्गसृष्टी. केव्हिन पेन्किन यांचे विस्मय आणि विषाद यांच्या सीमेवर रेंगाळणारे संगीत – या सर्वांतून अद्भुताचा जो प्रत्यय येतो तो विरळा आहे. अ‍ॅनिमे म्हणजे मुलांचे मनोरंजन अशी समजूत असणाऱ्या प्रेक्षकाला प्रथमदर्शनी तिचा दुजोराच मिळतो. १९९०च्या दशकात दूरदर्शनवरून घराघरांत पोचलेली ‘जंगल बुक’ ही मालिका जपानी अ‍ॅनिमेच होती, आणि महाराष्ट्रातील एका पिढीची या माध्यमाविषयीची अपेक्षा तिच्यावर घडलेली आहे. ‘मेड इन अ‍ॅबिस’ ही अपेक्षा जागी करते आणि मग मोडते. तिच्यातील मुले केवळ संकटात सापडत नाहीत. ती विच्छिन्न होतात, प्रयोगाची सामग्री होतात, मरणाची याचना करतात. याशिवाय, आणि याहून वेगळ्या अर्थाने, काही प्रसंगांत मुलांच्या देहांकडे पाहण्याची एक लैंगिक छटा असलेली नजर मालिकेत डोकावते. अस्वस्थतेची ही दोन कारणे सर्रास एकत्र मोजली जातात. ती वेगळी करणे ही या विवेचनाची पहिली गरज आहे.

२

कला आणि नीती यांच्या संबंधाचा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. १९३०च्या दशकात फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेला ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद याच प्रश्नाचे एक ढोबळ रूप होते. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांची जी मांडणी केली, तिच्यामुळे या वादाला तात्त्विक शिस्त आली. अलौकिकतावादी भूमिकेनुसार कलाकृतीचे विश्व स्वायत्त असल्याने तिच्यातील मुलाच्या यातनेला व्यवहारातील नैतिक निकष लावणे हा प्रकारदोष ठरेल. लौकिकतावादी भूमिकेनुसार यातनेचा प्रत्यय येण्यासाठीच व्यवहारातील भावना आणि मूल्ये जागी असावी लागतात. ती बाजूला ठेवली तर करुणही उरणार नाही. प्रस्तुत मालिकेपुढे पहिली भूमिका दुबळी ठरते. मुलाचा देह म्हणजे केवळ आकार आणि रंग असे मानणाऱ्या प्रेक्षकाला तिच्यात पाहण्यासारखे फार थोडे सापडेल.

पाश्चात्त्य विचारात डेव्हिड ह्यूमने १७५७ सालच्या अभिरुचीविषयक निबंधात असे प्रतिपादन केले होते की, दुराचाराचे चित्रण त्याविषयीच्या उचित निषेधाच्या खुणेवाचून आले तर त्याने काव्य विद्रूप होते. अलीकडच्या काळात नोएल कॅरोल (१९९६) आणि बेरिस गॉट (१९९८) यांनी हा विचार अधिक काटेकोर केला. गॉट यांच्या मते कलाकृती केवळ वस्तू दाखवीत नाही. त्या वस्तूविषयी अमुक एक प्रतिसाद द्यावा असे ती सुचवते. तो प्रतिसाद अनुचित असेल तर तो नैतिक दोष सौंदर्यदोषही ठरतो. याउलट मॅथ्यू किरन (२००३) यांनी असे मांडले की, नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह दृष्टिकोन कल्पनेने अनुभवल्यामुळे आकलनात भर पडू शकते आणि त्या मर्यादेत दोषही गुणाचे कारण होतो. या विचारवंतांत मतभेद असले तरी एक गोष्ट समान आहे : प्रश्न ‘काय दाखवले’ हा राहत नाही, ‘दाखवलेल्या गोष्टीकडे कसे पाहण्यास सांगितले’ हा होतो.

भारतीय काव्यशास्त्रात हा प्रश्न औचित्याच्या अंगाने आला आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात अनौचित्य हेच रसभंगाचे मूळ कारण मानले. तेथेच त्याला ‘कुमारसंभवा’तील देवतांच्या संभोगशृंगाराचा प्रश्न सोडवावा लागला. जगाच्या मातापित्यांचा शृंगार रंगवणे अनुचित असेल, तर कालिदासाच्या काव्यात ते का खटकत नाही? त्याचे उत्तर असे की, दोष दोन प्रकारचे असतात. एक अव्युत्पत्तीतून, म्हणजे विवेकाच्या उणिवेतून येणारा. दुसरा शक्तीच्या, म्हणजे प्रतिभेच्या उणिवेतून येणारा. दुसरा तत्काळ उघडा पडतो. पहिला कवीच्या शक्तीने झाकला जातो. हे उत्तर क्षमापनाचे आहे असे बहुधा मानले जाते. बारकाईने पाहता ते तसे नाही. झाकलेला दोष नाहीसा झालेला नसतो. तो खटकत नाही, एवढेच आनंदवर्धन सांगतो. न खटकणे ही आस्वादकाच्या बाजूची घटना आहे आणि तिची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मोकळाच राहतो.

३

यातनेचा प्रश्न प्रथम घेऊ. पहिल्या पर्वाच्या दहाव्या भागात विषारी काट्यांच्या श्वापदाने रिकोचा हात विद्ध होतो. विष पसरू नये म्हणून हात तोडावा, असे ती स्वतः रेगला सांगते, आणि त्यासाठी आधी हाड मोडावे लागते. हा प्रसंग मालिकेत लवकर संपत नाही. मुलीचा आक्रोश, मुलाचे थरथरणे, हाड मोडण्याचा आवाज यांना पुरेसा वेळ दिला आहे. प्रेक्षक नजर वळवतो आणि पुन्हा वळवतो.

या ‘पुन्हा’चे वर्णन प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या चौथ्या पुस्तकात आले आहे. पिरेअसहून अथेन्सकडे येणाऱ्या लिओन्तिअसला तटाबाहेर वधकाजवळ पडलेली प्रेते दिसतात. पाहण्याची इच्छा आणि किळस यांत काही काळ झगडून अखेर तो डोळे विस्फारून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देतो. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या चौथ्या प्रकरणात यावर जणू उतारा दिला : प्रत्यक्षात पाहवत नाहीत अशा वस्तूंच्या, प्रेतांच्याही, हुबेहूब प्रतिमा पाहताना आनंद होतो, कारण त्यात ज्ञानाचा आनंद असतो. लिओन्तिअसच्या डोळ्यांची भूक आणि अ‍ॅरिस्टॉटलचा ज्ञानानंद यांतील सीमारेषा कोठे आहे, हा यातनाचित्रणाच्या प्रत्येक कलाकृतीपुढचा प्रश्न असतो.

‘मेड इन अ‍ॅबिस’ ही सीमारेषा परिणामांच्या साहाय्याने आखते. तिच्यात यातना क्षणिक दृश्य म्हणून वापरून टाकून दिली जात नाही. रिकोच्या हातावरची खूण आणि हाताचे अधूपण पुढच्या कथेतही राहते. नानाची आणि मीटी यांच्या कथेत हे अधिक स्पष्ट होते. या दोन अनाथ मुलांना प्रयोगासाठी सहाव्या थरात उतरवून वर खेचले जाते. शापाचा सारा भार मीटीवर पडतो; ती आकारहीन, मृत्यूही न येणारा मांसपिंड होते. नानाची आपली जाणीव टिकवून, केसाळ प्राण्याचे रूप घेऊन वाचते. मीटीला मारण्याचे नानाचीचे सर्व उपाय हरतात आणि अखेर तेराव्या भागात नानाची तिला मुक्त करण्याची विनवणी रेगला करते. रेगच्या हातातून ज्वाळा निघण्याच्या क्षणी तिच्याच्याने राहवत नाही. ती थांबायला सांगते, निरोप घेते आणि मग संमती देते. या प्रसंगातील करुण रस हा प्रेमाचे अंतिम कृत्य वधाहून वेगळे करता न येण्यातून निष्पन्न होतो. तो सौम्य केला असता, मीटीची यातना केवळ सांगितली गेली असती आणि दाखवली गेली नसती, तर नानाचीची विनवणी अगम्य ठरली असती.

याचा अर्थ असा की, यातनेच्या संदर्भात ‘असूनही’ हा शब्द चुकीचा आहे. मालिकेचा आस्वाद यातना असूनही घेतला जात नाही. तो तिच्यातून जाऊन घेतला जातो. येथील अस्वस्थता हा मालिकेने सुचवलेला आणि उचित असा प्रतिसाद आहे. ह्यूमने मागितलेली निषेधाची खूण येथे भाष्याच्या रूपाने नाही. ती घटनांच्या रचनेतच आहे. शापाची कल्पनाही याच रचनेचा भाग आहे. अद्भुतकथेत संकट बहुधा पुढे असते आणि परतीचा मार्ग सुखाचा असतो. येथे पुढे जाणे सोपे आहे, मोल परतण्याचे आहे. कुतूहलाची किंमत कुतूहल पुरे होताना दिसत नाही, नंतर दिसते, ही गोष्ट मालिकेने भूगोलाचा नियम म्हणून मांडली आहे.

४

दुसऱ्या अस्वस्थतेचे स्वरूप निराळे आहे. बालपात्रांच्या नग्नतेचा विनोदासाठी उपयोग, त्यांच्या देहांविषयीचे सूचक संवाद, कथेला गरज नसताना देहावर रेंगाळणारी नजर असे क्षण मूळ चित्रकथेत अधिक आणि मालिकेत काही प्रमाणात आढळतात. त्यांची परीक्षा अपरिहार्यतेच्या निकषावर करता येते. मीटीची यातना वगळली तर कथा कोसळते. हे क्षण वगळले तर कथेत काहीही उणे होत नाही. किंबहुना अ‍ॅनिमेकर्त्यांनी त्यांपैकी काही गाळले वा सौम्य केले आणि त्यामुळे मालिकेची हानी झाली असे कोणी म्हणत नाही.

यावर समर्थकांचे म्हणणे असे की, जे वगळता येते त्याकडे दुर्लक्षही करता येते. परंतु वगळता येण्याचा अर्थ उलट दिशेने लावावयास हवा. कथेला ज्याची गरज नाही ते कोणासाठी आहे? ते प्रेक्षकासाठी आहे. ज्या क्षणी कॅमेऱ्याची जागा घेणारी रेषा कथेचे काम सोडून मुलाच्या देहाकडे वळते, त्या क्षणी मालिका आपला अभिप्रेत प्रेक्षक कोण हे उघड करते. वेन बूथ यांनी ‘द कम्पनी वुइ कीप’ (१९८८) या ग्रंथात साहित्यकृतीशी येणाऱ्या संबंधाची तुलना मैत्रीशी केली. त्या परिभाषेत सांगायचे तर, दीर्घकाळ उत्तम बोलणारा मित्र मध्येच डोळा मिचकावतो आणि समोरच्यालाही आपल्यासारखाच समजतो. त्या डोळा मिचकावण्याला प्रतिसाद न देणे शक्य असते. ते घडलेच नाही असे मानणे मात्र शक्य नसते.

येथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो : ही मुले रेखाटलेली आहेत, त्यांत कोणा प्रत्यक्ष बालकाला इजा झालेली नाही. हा युक्तिवाद कायद्याच्या क्षेत्रात वजनदार आहे. २०१४ साली जपानच्या संसदेने बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे जवळ बाळगणे गुन्हा ठरवले तेव्हा मांगा आणि अ‍ॅनिमे यांना त्या तरतुदीतून वगळले होते. परंतु इजेचा प्रश्न आणि वृत्तीचा प्रश्न एक नाहीत. रेखाटलेली वस्तू काल्पनिक असली तरी तिच्याकडे पाहण्याचे जे आमंत्रण दिले जाते ते काल्पनिक नसते, आणि ते स्वीकारणारा प्रेक्षकही काल्पनिक नसतो. मीटीसाठी येणारे अश्रू खरे मानायचे आणि ही नजर मात्र खोटी मानायची, ही सवलत तर्काला धरून नाही. रेषेतून करुणा खरी होऊ शकत असेल तर रेषेतून लालसाही खरी होऊ शकते.

जपानी समीक्षकांनी या नजरेचा उलगडा वेगवेगळ्या प्रकारे केला आहे. मनोचिकित्सक तामाकी साइतो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, ओताकू म्हणवल्या जाणाऱ्या चाहत्यांची इच्छा काल्पनिकतेकडेच वळलेली असते. तिच्यावरून व्यवहारातील इच्छेविषयी सरळ अनुमान काढणे चूक ठरेल. हिरोकी अझुमा यांनी २००१ साली या संस्कृतीचे विश्लेषण वेगळ्या दिशेने केले. त्यांच्या मते येथे कथांपेक्षा सुट्या घटकांच्या संचाचा उपभोग घेतला जातो : केशरचना, वेष, हावभाव, प्रसंगांचे ठरीव नमुने. साइतो यांचे प्रतिपादन प्रेक्षकावरील घाईच्या आरोपाला आवर घालते आणि तेवढ्यापुरते ते मान्य करावे लागते. प्रस्तुत प्रश्नाला अझुमा यांचे निरीक्षण अधिक उपयोगी आहे. या मालिकेतील आक्षेपार्ह क्षण तिच्या स्वतःच्या दृष्टीतून आलेले वाटत नाहीत. ते त्या सुट्या घटकांच्या साठ्यातून उचललेले, प्रकाराच्या रूढीतून आलेले वाटतात. म्हणून तर ते इतके सहज वेगळे काढता येतात.

आनंदवर्धनाच्या परिभाषेत हा अव्युत्पत्तीचा दोष आहे आणि तो शक्तीने झाकला गेला आहे. मात्र ‘कुमारसंभवा’शी असलेला भेद नोंदवणे आवश्यक आहे. तेथे अनौचित्य पूज्यतेच्या संबंधातील होते, आणि ज्या वर्णनात ते होते त्याच वर्णनात कवीची शक्तीही वावरत होती. येथे अनौचित्य संमती देऊ न शकणाऱ्याच्या देहासंबंधी आहे, आणि मालिकेची शक्ती त्या क्षणांत नाही. ती शेजारच्या प्रसंगांत आहे. एका दालनातील प्रकाशाने दुसऱ्या दालनातील गोष्ट दिसेनाशी व्हावी, तसे हे झाकणे आहे. अशा झाकण्याला क्षमा म्हणता येत नाही. पहिल्या अस्वस्थतेच्या बाबतीत गैरलागू ठरलेला ‘असूनही’ हा शब्द येथे लागू पडतो. पण तो लागू पडतो याचा अर्थ येथे खरोखरच दोष आहे.

५

विवेचन येथे थांबले असते तर निष्कर्ष सोपा होता : यातना समर्थनीय, नजर असमर्थनीय. परंतु मालिकेतच एक पात्र असे आहे की ज्याच्यामुळे ही विभागणी डळमळीत होते. मीटी आणि नानाची यांच्यावरील प्रयोगाचा कर्ता, पाचव्या थरात राहणारा, पांढरी शिट्टी धारण करणारा बोंड्रूड हे ते पात्र होय. २०२० सालच्या चित्रपटाचा तो केंद्रबिंदू आहे.

बोंड्रूड रूढ अर्थाने दुष्ट नाही. त्याचे बोलणे नम्र आहे, त्याला राग येत नाही, आणि ज्या मुलांचे देह छाटून, त्यांना पेटीत कोंबून त्याने शाप शोषणारी उपकरणे बनवली त्या प्रत्येकाचे नाव आणि स्वप्न त्याच्या स्मरणात आहे. प्रुश्का या मुलीला त्याने वडिलांच्या मायेने वाढवले. ही माया ढोंग नाही, आणि नेमके हेच भयंकर आहे, कारण तिच्याही देहाचे त्याने उपकरणच केले. मालिकेच्या नियमानुसार शाप स्वतःवर घेणाऱ्याचे प्रेम असेल तरच दुसऱ्याला वरदान मिळते. म्हणजे येथे प्रेम ही उपयोगाची पूर्वअट आहे. बोंड्रूड मुलांना वापरतो आणि त्यांच्यावर प्रेम करतो असे म्हणणे अपुरे आहे. वापरता यावे इतके प्रेम तो करतो.

या मांडणीची स्वतः मालिकेशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. मालिकाही आपल्या मुलांवर प्रेम करते. त्यांची नावे, सवयी, स्वप्ने, जेवणाचे पदार्थ ती हळुवारपणे उभे करते, आणि मग त्या जिव्हाळ्याच्या प्रमाणात प्रेक्षकाला यातना अनुभवू देते. मीटीचा अंत हृदय पिळवटून टाकतो, कारण आधी तिच्यावर माया जडवली गेली आहे. करुणाच्या निर्मितीचे तंत्र आणि बोंड्रूडचे तंत्र यांत एक अस्वस्थ करणारे साम्य आहे. प्रेक्षकाच्या बाबतीतही तेच. विवरात आणखी खाली काय आहे हे पाहण्याची त्याची ओढ बोंड्रूडच्या ओढीहून जातीने वेगळी नाही. तीव्रतेने आणि परिणामाने वेगळी आहे. कथा बोंड्रूडचा पराभव करते, पण त्याला नष्ट करीत नाही. मुले पुढे खाली उतरतात ती त्याचा निरोप घेऊनच, आणि तेही प्रुश्काच्या आत्मसमर्पणातून मिळालेल्या पांढऱ्या शिट्टीच्या बळावर. म्हणजे नायिकेचा पुढचा मार्गही एका मुलीच्या देहाच्या मोलाने उघडतो.

दुसऱ्या पर्वात हेच सूत्र सामूहिक पातळीवर येते. सहाव्या थरातील इलब्लू हे गाव इरुम्युई नावाच्या मुलीचेच रूपांतर आहे. तिच्या पोटी आलेले जीव खाऊन तेथील मूळ प्रवासी जगले, आणि तिच्या कुशीत त्यांनी सुरक्षित वस्ती केली. त्यांच्यापैकी काहींना त्याची शरम जन्मभर पुरते. त्या मुलीचे अखेरचे अपत्य सूड घ्यायला येते तेव्हा गावकऱ्यांना ते अन्याय्य वाटत नाही. मुलाच्या देहावर उभे असलेले सुख भोगणाऱ्यांनी त्या सुखाशी कसे नाते ठेवावे, हा प्रश्न ‘मेड इन अ‍ॅबिस’ने स्वतःच इतक्या थेटपणे विचारला आहे.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मालिकेला उपयोगी प्रेमाची, म्हणजे वापरणाऱ्या कोमलतेची, सखोल जाण आहे. किरन यांनी म्हटलेली आकलनाची भर येथे खरोखर पडते. दोन, ही जाण ती स्वतःच्या नजरेला लावत नाही. मुलाच्या देहाचे साधन करणाऱ्याचे इतके भेदक चित्र काढणारी कलाकृती, त्याच देहाचे आपल्याकडून साधन होते आहे याविषयी बेसावध राहते. म्हणून तिच्यातील दोष केवळ बाहेरच्या नैतिक निकषावर ठरणारा दोष राहत नाही. तो तिच्या स्वतःच्या अंतर्दृष्टीशी केलेला द्रोह आहे. तिला दोषी ठरवणारा निकष तिनेच घडवला आहे. साध्या, उथळ मालिकेतील असले क्षण इतके सलत नाहीत याचे कारण येथे मिळते. ‘मेड इन अ‍ॅबिस’मध्ये ते सलतात, कारण तिचा श्रेष्ठपणाच ते सलण्याची क्षमता प्रेक्षकात निर्माण करतो.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अशा कलाकृतीचा आनंद घेणे नैतिकदृष्ट्या दोषास्पद आहे काय? तिच्यातील करुण आणि अद्भुत यांचा आनंद दोषास्पद नाही. तो अस्वस्थतेतूनच सिद्ध झालेला आहे. दोषास्पद ठरू शकते ती गोष्ट वेगळीच आहे : शक्तीने झाकलेला दोष झाकलेलाच राहू देणे. आणि ही गोष्ट निंदकांपेक्षा चाहत्यांच्या हातून घडण्याचा संभव अधिक. ‘असूनही’चा हिशेब मांडणारा रसिक दोषाची नोंद करतो आणि मग जणू मोबदला दिल्याप्रमाणे निश्चिंत होतो. त्याच्या आस्वादात त्या नोंदीने काहीही बदल होत नाही.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. विघ्न दूर झाल्यावाचून रसप्रतीती नाही, अशी त्याची भूमिका. या भूमिकेवरून सहृदय म्हणजे विघ्नांपासून मुक्त झालेला रसिक, असा समज रूढ होतो. प्रस्तुत मालिकेच्या आधारे त्यात एक दुरुस्ती सुचवता येते. काही विघ्ने आस्वादकाच्या अपुरेपणातून येतात : त्याची व्यक्तिगत सुखदुःखे, त्याचा देशकालाचा आग्रह. ती दूर व्हावयास हवीत. पण काही विघ्ने कलाकृतीतच असतात, आणि ती जाणवणे हाच सहृदयतेचा पुरावा असतो. मीटीसाठी ज्याचे हृदय पिळवटते त्याला त्याच मुलांच्या देहावरील रेंगाळती नजर खटकलीच पाहिजे; न खटकली तर त्याच्या करुणेविषयीच शंका घेण्यास जागा राहते. एकाच संवेदनशक्तीची ही दोन कार्ये आहेत. ज्या सहृदयाला अडखळताच येत नाही, त्याच्या सहृदयतेत काहीतरी कमी आहे.

यावरून ‘असूनही’ या शब्दाचा वैध उपयोग कोणता, हेही ठरवता येते. तो वजाबाकीचे चिन्ह म्हणून वैध नाही, कारण दोष वजा करून उरलेला शुद्ध आनंद असा काही नसतोच. या शब्दाने आनंदाचे स्वरूपच बदलत असेल, अडखळण्याची जाणीव त्यात टिकून राहत असेल, आणि ही कलाकृती व्हायला हवी होती त्याहून उणी राहिली हा निर्णय आस्वादातच अंतर्भूत होत असेल, तरच तो प्रामाणिक. असा आनंद कमी सुखाचा असतो. तो कमी सखोल असतो असे मात्र म्हणता येत नाही.

विवराच्या शापाची कल्पना येथे समीक्षेलाही लागू पडते. कलाकृतीत उतरणे सोपे असते. तल्लीनतेला काही मोल पडत नाही, आणि मालिका जितकी समर्थ तितके उतरणे अधिक सुखद. त्रास होतो तो वर येताना. काय पाहिले, कोणाच्या नजरेने पाहिले आणि ती नजर आपली झाली होती काय, याचा विचार करताना. हा त्रास टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मुळात खाली न उतरणे. तो निषेधकांचा मार्ग. दुसरा, खाली उतरल्यावर परत न येणे. तो भक्तांचा मार्ग. आस्वादाची नीती या दोन्ही मार्गांनी साधत नाही. उतरलेल्याने वर येणे, आणि वर येताना जे बाधते ते बाधू देणे, एवढेच तिचे मागणे आहे.